संसर्गजन्य आजार: लागण, उपचार आणि बचाव यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कुणी तापाने आडवं झालं की पहिला प्रश्न असतो, "याला झालंय तरी काय?" आणि त्याच्या पाठोपाठ, जरा दबक्या आवाजात, "आम्हालाही होईल का?" हा दुसरा प्रश्न विचारताना माणसं संकोचतात. संकोचायचं काही कारण नाही, फार कामाचा प्रश्न आहे तो. प्रत्येक जंतूची शरीरातून बाहेर पडायची, पुढे जायची आणि नव्या शरीरात शिरायची वाट ठरलेली असते. ती वाट ठाऊक झाली की कशाला घाबरायचं, कशाला मुळीच घाबरायचं नाही आणि नेमकं कुठे अडवायचं, हे कळत जातं. खालची बहुतेक उत्तरं या ना त्या प्रकारे त्या वाटेबद्दलच आहेत.

संसर्गजन्य म्हणजे एकापासून दुसऱ्याला होणारा आजार, असंच ना?

दर वेळी तसं नसतं. बाहेरून आलेला जंतू शरीरात वाढून जो आजार करतो तो संसर्गजन्य. हा जंतू जिवाणू असेल, विषाणू असेल, बुरशी असेल किंवा परजीवी. यातले पुष्कळ आजार माणसाकडून माणसाला लागतात, पण सगळे नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात बीजाणूंच्या रूपात पडून असतात आणि खोल जखमेतून आत जातात. धनुर्वात झालेल्या माणसाला तुम्ही दिवसभर हात लावलात तरी तो तुम्हाला होणार नाही. हिवतापाच्या रुग्णाशेजारी झोपलात म्हणून हिवताप होत नाही, मध्ये डास लागतो.

जंतू कोणत्या प्रकारचा आहे याला महत्त्व आहे, कारण औषध त्यावरून ठरतं. क्षयरोग, विषमज्वर, पटकी, घटसर्प हे जिवाणूंचे आजार. गोवर, कांजिण्या, फ्लू, डेंगी, रेबीज, पोलिओ विषाणूंचे. हिवताप परजीवीचा, नायटा बुरशीचा. "ताप आहे, तापाची गोळी द्या" एवढ्याने भागत नाही ते यामुळेच.

जंतू एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जातात तरी कसे?

ढोबळ मानाने पाच-सहा वाटा आहेत, आणि त्यांतली सर्वांत कमी समजलेली वाट हवेची.

दुपारी बंद खोलीत एका फटीतून उन्हाची तिरीप आत येते तेव्हा तिच्यात तरंगणारे कण बघा. हालचाल नसली तरी ते खाली बसत नाहीत, गिरक्या घेत राहतात. आपण बोलतो, गातो, खोकतो तेव्हा तोंडातून मोठे थेंब उडतात आणि त्यांच्याबरोबर असे बारीक कणही बाहेर पडतात. मोठे थेंब हात-दीड हातावर, फार तर चार-सहा फुटांवर खाली पडतात. बारीक कण मात्र त्या तिरिपेतल्या धुळीसारखे खोलीत रेंगाळतात. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावर दोन तासांपर्यंत तिथली हवा दुसऱ्याला गोवर देऊ शकते. क्षयरोगाची वाटही हीच. कोविडच्या पहिल्या वर्षात सगळं लक्ष पृष्ठभाग पुसण्याकडे गेलं आणि खिडक्या मात्र बंदच राहिल्या, याचं मला आजही वाईट वाटतं. हवेची वाट अडवायची तर हवाच बदलावी लागते. समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या, गर्दीच्या बंद जागेत चेहऱ्याला नीट बसणारा मास्क लावायचा.

दुसरी वाट विष्ठेतून तोंडाकडे. ऐकायला किळसवाणं वाटतं, पण पटकी, विषमज्वर, पोलिओ, अ आणि ई प्रकारची कावीळ, जुलाबाचे बहुतेक आजार याच वाटेने येतात. मधले टप्पे म्हणजे पाणी, हात, माशा, अन्न. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट परिसरात पटकीची साथ आली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. पटकी दूषित हवेने होते असं तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. जॉन स्नो या डॉक्टरने मृतांची घरं नकाशावर मांडली, ती एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेली दिसली, आणि त्याच्या आग्रहाने त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. साथ तोवर उतरणीला लागली होती हे खरं. पण पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने दाखवला तो १८८४ साली. म्हणजे जंतूचं तोंडही न बघता त्याची वाट सापडू शकते, आणि अडवताही येते.

बाकीच्या वाटा थोडक्यात. रक्त आणि शरीरसंबंध (एचआयव्ही, ब आणि क प्रकारची कावीळ, गरमी म्हणजे सिफिलिस). आईकडून बाळाला, गरोदरपणात, बाळंतपणात किंवा दुधातून. त्वचेचा स्पर्श (खरूज, नायटा). डास, पिसू, गोचीड यांचा चावा. आणि प्राण्यांकडून थेट, जसा रेबीज.

एचआयव्ही किंवा ब प्रकारची कावीळ असलेल्या माणसासोबत जेवलं, एकच शौचालय वापरलं तर?

काही होत नाही. हस्तांदोलन, मिठी, एकाच ताटातलं जेवण, खोकला, शिंक, पोहण्याचा तलाव, डास: यांतल्या कशानेही हे दोन्ही विषाणू पसरत नाहीत. दाढीचं पातं, टूथब्रश, सुई, नेलकटर मात्र वेगळं हवं. त्यांवर डोळ्याला न दिसणारं रक्त असू शकतं आणि ब काविळीचा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस टिकतो. या काविळीची चांगली लस आहे. बाळाला ती जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायची असते.

एचआयव्हीबद्दल आणखी एक गोष्ट प्रत्येकाला ठाऊक असायला हवी. नियमित औषधांमुळे ज्याच्या रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आहे आणि तसाच राहिला आहे, त्याच्याकडून शरीरसंबंधातूनही जोडीदाराला लागण होत नाही. आणि दूषित सुई टोचली किंवा तसाच दुसरा धोका घडला, तर ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषधं सुरू करता येतात. जितकं लवकर तितकं बरं. रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट बघू नका.

लक्षणं दिसायच्या आधीच माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो का?

काही आजारांत हो, काहींत नाही, आणि साथ आटोक्यात येईल की नाही हे मोठ्या प्रमाणात याच फरकावर ठरतं.

जंतू शरीरात शिरल्यापासून पहिलं लक्षण दिसेपर्यंतच्या काळाला अधिशयन काळ म्हणतात. फ्लूमध्ये तो एक ते चार दिवसांचा असतो, गोवरात दहा-बारा दिवसांचा, ब काविळीत महिने. फ्लूचा माणूस लक्षणांच्या साधारण एक दिवस आधीपासून विषाणू सोडू लागतो. गोवराचा, पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून. तेव्हा घरचे त्याला साधी सर्दी समजत असतात. कांजिण्यांचा, एक-दोन दिवस आधीपासून. याउलट इबोला लक्षणं सुरू झाल्यावरच पसरतो. देवीचा रोगही तसाच होता, आणि तो संपवता आला त्यामागे हे एक मोठं कारण होतं. रुग्ण दिसला, वेगळा केला, आजूबाजूच्यांना लस दिली, की साखळी तुटायची.

काहींना लक्षणं कधीच येत नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची स्वयंपाकीण होती. स्वतः ठणठणीत, पण ती जिथे काम करी त्या घरांत विषमज्वर निघे. आपल्यामुळे कुणी आजारी पडतं हे तिला कधीच पटलं नाही. तिला एकूण २६ वर्षं एकांतवासात ठेवलं आणि १९३८ मध्ये ती तिथेच वारली. तिची गोष्ट खलनायिकेची म्हणून सांगितली जाते, मला ते बरोबर वाटत नाही. तेव्हा अँटिबायोटिक नव्हतं आणि ज्या बाईला काहीच दुखत-खुपत नाही तिला "तू रोग पसरवतेस" हे समजावणं सोपं नव्हतं. आज अशा वाहकांवर उपचार आहेत.

आजारी माणसाला किती दिवस वेगळं ठेवायचं?

आजारानुसार. गोवरात पुरळ उठल्यानंतर चार दिवस. कांजिण्यांत शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत. फ्लूसारख्या आजारात तापाच्या गोळीशिवाय निदान २४ तास ताप आला नाही आणि बरं वाटू लागलं, की शाळेत-कामावर जायला हरकत नाही. पुढचे काही दिवस मास्क लावावा. जुलाब थांबल्यावर दोन दिवस दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करू नये.

सर्दी-खोकल्यात अँटिबायोटिक घेतलं की लवकर बरं वाटतं. मग का घेऊ नये?

आपण गोळी कधी घेतो ते आठवा. पहिले दोन दिवस अंगावर काढतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी वैतागून गोळी घेतो, आणि पाचव्या दिवशी बरं वाटतं. सर्दी बहुधा पाचव्या-सहाव्या दिवशी आपसूकच उतरते. श्रेय गोळीला मिळतं.

सर्दी, फ्लू आणि घसा बसण्याचे बहुतेक प्रकार विषाणूंमुळे होतात. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं: कुणी त्यांची पेशीभिंत बनू देत नाही, कुणी त्यांचं प्रथिनं बनवण्याचं काम थांबवतं. विषाणूला अशी भिंतच नसते, त्याचं सगळं काम आपल्या पेशींकडून चालतं. कफ हिरवा-पिवळा झाला म्हणजे जिवाणू आले, हाही गैरसमज आहे. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो.

गोळीचा उपयोग झाला नाही तरी तिचा परिणाम होतोच. आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, आणि जे मूठभर जंतू त्या औषधाला दाद देत नाहीत त्यांना मोकळं रान मिळतं. जिवाणू ही औषध पचवायची युक्ती जनुकांच्या लहान कड्यांतून एकमेकांना देऊ शकतात, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलासुद्धा. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली पेनिसिलिन सापडलं. १९४५ मध्ये नोबेल स्वीकारताना केलेल्या भाषणातच त्यांनी या धोक्याचं चित्र उभं केलं होतं. एक गृहस्थ घसा दुखतो म्हणून स्वतःच थोडं पेनिसिलिन घेतात, जंतू मरण्याइतकं ते नसतं, उरलेले जंतू निर्ढावतात, पुढे त्यांच्या पत्नीला त्याच जंतूंचा न्यूमोनिया होतो आणि औषध चालत नाही म्हणून ती दगावते. त्या भाषणाला ऐंशी वर्षं झाली. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले असा अंदाज आहे.

याचा अर्थ अँटिबायोटिक वाईट असा मुळीच नाही. जिवाणूंचा न्यूमोनिया, मेंदूज्वर, रक्तात पसरलेला संसर्ग यांत पहिला डोस तासाभराने लांबला तरी जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांनी दिलं तर घ्या, नाही दिलं तर मागू नका, आणि मागच्या वेळचं उरलेलं डब्यातून काढून कुणालाही देऊ नका.

बरं वाटल्यावर गोळ्या बंद केल्या तर?

क्षयरोगात असं करणं फार घातक. साध्या क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने कमी. महिन्याभरात खोकला कमी होतो, भूक लागते, वजन वाढू लागतं, आणि नेमका तेव्हाच रुग्ण गोळ्या सोडतो. मला ते समजू शकतं. रोज मूठभर गोळ्या, मळमळ, रिफाम्पिसिनमुळे केशरी झालेली लघवी. पण भराभर वाढणारे जंतू पहिल्या आठवड्यांत मरतात, आणि जवळजवळ झोपी गेलेले मागे राहतात. उरलेले महिने त्या झोपलेल्यांसाठी असतात. मध्येच सोडलं तर तेच उठतात, आणि या वेळी कदाचित औषधाला न जुमानणारे होऊन. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, औषध बदलता येतं. मनाने बंद करू नका.

इतर काही संसर्गांत पूर्वीपेक्षा कमी दिवसांचा कोर्स पुरतो असं आता दिसून आलं आहे. तेव्हा किती दिवस, हे दर वेळी डॉक्टरांनाच विचारा.

विषाणूंवर औषधच नाही का?

आहे की. एचआयव्हीवर आहे, क प्रकारच्या काविळीवर तर असं आहे की ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं. वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि आधीच दमा, मधुमेह असलेल्यांनी म्हणून लवकर दाखवावं. नागिणीच्या औषधाचंही तसंच, पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत. गोवर, डेंगी यांवर थेट औषध नाही. तिथे शरीराला सांभाळत न्यायचं असतं.

जुलाब-उलट्या होणाऱ्या मुलाला पाणी पाजलं तर आणखी जुलाब होतील ना?

हा समज मला सर्वांत जास्त छळतो, कारण तो मुलांचे जीव घेतो. जुलाबात मूल जंतूने क्वचित जातं. ते जातं शरीरातलं पाणी आणि क्षार संपल्यामुळे.

असं मूल ओळखायला उपकरण लागत नाही. डोळे खोल गेलेले, रडतं पण आसवं येत नाहीत, तोंड कोरडं. पोटावरची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरून सोडा. निरोगी मुलाची लगेच सपाट होते. पाणी कमी झालेल्या मुलाची हळूहळू खाली बसते, आणि दोन सेकंदांनंतरही चुणी तशीच राहिली तर वेळ फार थोडा उरलेला असतो, लगेच रुग्णालय गाठा.

त्या टप्प्याच्या आधी जलसंजीवनी पुरते. ती चालते याचं कारण सुंदर आहे. आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीने आत घेणारं एक दार असतं, आणि पटकीतसुद्धा ते बंद पडत नाही. मीठ आणि साखर बेताच्या प्रमाणात असली की दोन्ही त्या दारातून आत जातात आणि पाणी त्यांच्यामागे ओढलं जातं. नुसतं पाणी किंवा नुसतं गोड पेय हे काम करत नाही. फार गोड पेयाने तर उलट पाणी आतड्यात ओढलं जातं. १९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांच्या हाती पेले दिले. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं.

पुडी मिळत असेल तर तीच वापरा, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडू देऊ नका, ते धोक्याचं आहे. चमच्याने, दर मिनिट-दोन मिनिटांनी एकेक घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा, आणखी सावकाश. अंगावरचं दूध, नेहमीचं जेवण चालू ठेवा. मुलांना याबरोबर १० ते १४ दिवस झिंकही देतात. हे काम कंटाळवाणं आहे, रात्रभर चमचा हातात धरून बसावं लागतं. पण सकाळी ओली चड्डी दिसते, म्हणजे मूत्रपिंडं चालू आहेत, तेव्हा त्या चड्डीइतकी चांगली बातमी नसते.

डेंगीत ताप उतरला म्हणजे धोका टळला का?

नाही. डेंगीत खरी काळजीची वेळ ताप उतरताना येते, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. तेव्हा रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून बाहेर पडू लागतं. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, खूप गळून जाणं किंवा अस्वस्थपणा: यांतलं एकही दिसलं तर थेट रुग्णालय. तापाला फक्त पॅरासिटामॉल; अॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन यांनी रक्तस्राव वाढू शकतो. डेंगीचे विषाणू चार प्रकारचे आहेत, म्हणून एकदा होऊन गेला तरी पुन्हा होतो, आणि दुसऱ्यांदा तो अधिक तीव्र होण्याची शक्यता असते.

डेंगीचा एडिस डास दिवसा चावतो, त्यामुळे फक्त रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून साठवणीची भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करायची आणि कडा घासायच्या. नुसतं पाणी ओतून दिलं तर अंडी तिथेच राहतात. हिवतापाचा अॅनाफिलिस मात्र संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. तिथे औषध लावलेली मच्छरदाणी फार मोठं काम करते.

कुत्र्याने नुसतं ओरबाडलं, रक्तही नीट आलं नाही. इंजेक्शन घ्यायलाच हवं?

हवं. रेबीजमध्ये चूक सुधारायची संधी मिळत नाही. लक्षणं सुरू झाली की हा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, आणि लक्षणांआधी तो जवळजवळ नेहमीच टाळता येतो. जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं रेबीजने जातात असा अंदाज आहे, त्यांत लहान मुलं पुष्कळ.

आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण १५ मिनिटं वाटतात त्यापेक्षा फार लांब असतात. विषाणू जखमेतल्या स्नायूतून नसेत आणि तिथून मेंदूकडे जातो, आणि साबण त्याचं बाहेरचं आवरण फोडतो. तिखट, चुना, हळद काहीही लावू नका. मग त्याच दिवशी लस सुरू करा आणि ठरलेल्या तारखांचे सगळे डोस घ्या. रक्त आलं असेल तर जखमेत आणि तिच्याभोवती तयार प्रतिपिंडांचं, म्हणजे विषाणूला निकामी करणाऱ्या प्रथिनांचं, इंजेक्शनही लागतं, कारण लसीने स्वतःचे प्रतिपिंड बनायला साधारण आठवडा लागतो. कुत्रा पाळीव आहे, लस दिलेला आहे म्हणून थांबू नका. तो निर्णय डॉक्टरांना घेऊ द्या. आणि मुलांना सांगून ठेवा की ओरखडा लपवायचा नसतो, कुणी रागावणार नाही.

लस घेऊनही आजार झाला. मग लसीचा उपयोग काय?

लस शरीराला जंतूची ओळख करून देते: मेलेला किंवा दुबळा केलेला जंतू, त्याचा एखादा तुकडा, किंवा तो तुकडा बनवायची कृती. खरा जंतू आल्यावर शरीर आठवडा वाया न घालवता कामाला लागतं. काही लसी लागणच जवळजवळ थांबवतात, गोवराचे दोन डोस सुमारे ९७ टक्के लोकांना संरक्षण देतात. फ्लूची लस तितकी पक्की नाही आणि दरवर्षी घ्यावी लागते, पण ती घेतलेला माणूस अतिदक्षता विभागात जाण्याची शक्यता कमी होते. तो उपयोग लहान नव्हे.

गोवराचा एक रुग्ण, कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, १२ ते १८ जणांना लागण देतो. म्हणून समाजात ९५ टक्क्यांच्या आसपास लोक सुरक्षित असावे लागतात. उरलेल्यांत पहिल्या डोसचं वय न झालेली बाळं असतात, कर्करोगाचे उपचार घेणारे असतात. त्यांना ही लस घेता येत नाही. त्यांचं रक्षण आपण घेतलेल्या लसीने होतं. शिवाय गोवर शरीराने आधी कमावलेली इतर जंतूंची ओळखही बऱ्याच प्रमाणात पुसून टाकतो, हे अनेकांना माहीत नसतं.

गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीने स्वमग्नता (ऑटिझम) येते, असा समज १९९८ च्या एका शोधनिबंधातून पसरला. तो निबंध २०१० मध्ये नियतकालिकाने मागे घेतला, आणि लाखो मुलांच्या अभ्यासांत असा संबंध आढळलेला नाही.

लसीचं सर्वांत मोठं यश देवीचं. एडवर्ड जेनर यांनी १७९६ मध्ये गाईच्या देवीतला द्रव वापरून पहिली लस टोचली. देवी झालेल्या दर दहांपैकी सुमारे तिघं मरत. नैसर्गिक लागण झालेला शेवटचा रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात सापडला, अली माओ मालिन हा रुग्णालयातला तरुण स्वयंपाकी. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवी संपल्याचं जाहीर केलं. मालिन बरा झाला, त्याने स्वतः तेव्हा देवीची लस टाळली होती. पुढे तो पोलिओच्या मोहिमेत दारोदार फिरून आपली गोष्ट आईवडिलांना सांगत असे. २०१३ मध्ये त्याच मोहिमेच्या दिवसांत तो हिवतापाने गेला.

हात साबणाने धुवावेत की सॅनिटायझर चालेल?

साबण-पाणी मिळत असेल तर तेच, २० सेकंद, बोटांच्या बेचक्या आणि नखांसकट. सॅनिटायझर (६० टक्क्यांहून अधिक अल्कोहोलचं) फ्लू-कोविडच्या विषाणूंवर छान चालतं, पण उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर फारसं नाही, आणि मळलेल्या हातांवर कशावरच नीट नाही. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये डॉक्टरांना शवविच्छेदनानंतर क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये बाळंतिणींचे मृत्यू सुमारे १८ टक्के होते, जूनपर्यंत ते २ टक्क्यांच्या आसपास आले. तरी त्यांच्या हयातीत फार थोड्यांनी ऐकलं.

पाणी किती वेळ उकळायचं?

खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट. उंच डोंगराळ भागात तीन मिनिटं. मग झाकून ठेवा आणि ओगराळ्याने काढा. उकळलेल्या पाण्यात हात बुडाला की केलेलं सगळं फुकट जातं.

घरात एकाला क्षयरोग निघाला आहे. त्याची ताटवाटी, कपडे, अंथरूण वेगळं करायचं का?

ताटवाटी आणि कपडे वेगळे करायची गरज नाही. क्षयरोग भांड्यांतून पसरत नाही, हवेतून पसरतो, आणि तोही फुफ्फुसाचा किंवा स्वरयंत्राचा असेल तरच. मणक्याच्या किंवा लसिकाग्रंथींच्या क्षयरोगाची लागण शेजारच्याला होत नाही. माणसाचा पेला वेगळ्या खुंटीवर टांगला जातो तेव्हा त्याला काय वाटतं हे मी पाहिलं आहे. तो हळूहळू बोलेनासा होतो, मग गोळ्याही लपवून ठेवू लागतो.

खोली उजेडाची द्या, खिडक्या उघड्या ठेवा. पहिले काही आठवडे त्याने वेगळ्या खोलीत झोपावं, खोकताना तोंडावर रुमाल धरावा, माणसांत बसताना मास्क लावावा. औषध लागू पडत असेल तर साधारण दोन-तीन आठवड्यांत लागण देण्याची शक्यता बरीच कमी होते; तपासणीनंतर डॉक्टर तसं सांगतील. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या, पाच वर्षांखालच्या मुलांची सर्वांत आधी. त्यांना आजार नसला तरी प्रतिबंधक औषध सुरू करतात, कारण लहान मुलांत हा जंतू मेंदूपर्यंत लवकर पोहोचतो. आणि रोजच्या गोळ्यांची एक वेळ ठरवा, त्या वेळी घरातलं कुणीतरी त्याच्याजवळ बसेल असं बघा.